जोमाच्या सात काठ्या

गेल्या वर्षी याच मासिकाच्या दिवाळीच्या अंकात आमच्या एका निवृत्त ओव्हरसियर मित्रांनी खाडीवरच्या बांधांविषयी आपल्या आठवणी लिहिल्या. लेख सरस उतरला, असे चारचौघे म्हणतात. मी म्हणत नाही. ठाणे आणि डोंबिवली यांच्या दरम्यान खाडीकाठी असलेल्या एका गावाचा बांध फुटल्याची हकीकत त्यात आहे, आणि तिच्या अखेरीस एक वाक्य आहे: 'ज्या बांधराख्याकडे या बांधाची जबाबदारी होती, त्याच्याच वाटणीच्या भागात बांध खचला, यावरून काय ते समजावे.' वाचकांनी काय ते समजून घेतले असेलच. तो बांधराखा आळशी होता, असे ते समजले असतील. ते चूक आहे, आणि चूक का, हे सांगू शकणारा मी एकटाच आता उरलो आहे. संपादकांनी माझ्याकडे नोकरीतील गमतीजमती मागितल्या होत्या. त्यांच्याऐवजी त्यांनी हे घ्यावे.

गावाचे नाव देत नाही. तेथील माणसांची मुले-नातवंडे अजून तेथेच नांदत आहेत. बांधराख्याचे नाव मात्र देतो, कारण त्याच्या नावासाठीच हे लिहिणे आहे. त्याचे नाव जोमा.

मी तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षे चाकरी केली. त्यांपैकी शेवटची चौदा अव्वल कारकून म्हणून. हे काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. सही मामलेदारांची असते. पण कागदावर अव्वल कारकुनाने शेरा लिहिल्याखेरीज मामलेदार लेखणी उचलीत नाहीत. खर्चाचा कोणताही प्रस्ताव माझ्या हाताखालून जात असे, आणि त्यांपैकी बरेचसे तेथून पुढे जात नसत. कचेरीत मला 'कात्री' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, परंतु मला ते माहीत होते, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला वाईट वाटत नसे.

माझे मत तेव्हा जे होते तेच आज आहे. रयतेच्या पदरी राहिलेला पैसा रयत स्वतःच्या अकलेने खर्च करते आणि चुकली तर स्वतः भोगते; सरकारच्या पदरी गेलेला पैसा कोणाच्याच अकलेने खर्च होत नाही आणि त्याची चूक कोणीच भोगत नाही. कर बसवताना कारण सांगतात. कारण सरते, कर राहतो. हल्लीची शिकलेली मंडळी सभेत उठून सरकारने हे बांधावे, ते पुरवावे असे ठराव करतात. त्यांना मी एवढेच विचारतो की सरकारची म्हणून वेगळी शेती कोठे आहे?

हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. एका वर्षी वरून हुकूम आला की सडकेच्या कडेने वडाची रोपे लावावीत. बारा रोपे लागली. त्यांना पाणी घालण्यास एक पखालवाला ठेवला. पखालीसाठी बैल आला. बैलासाठी वैरण, वैरण ठेवण्यास झोपडे. मग शेळ्यांनी रोपे खाल्ली, म्हणून काट्यांचे कुंपण झाले. कुंपण लोकांनी चुलीत घातले, म्हणून राखणदार ठेवला. दोन वर्षांनी बारांपैकी दोन झाडे जिवंत होती, आणि त्यांतले एक त्या बैलाला बांधण्याच्या जागी होते, म्हणून शेणामुताने वाढलेले. त्याच सडकेवर एका तेलिणीने नवऱ्याच्या नावाने चिंच लावली होती. तिला ना कुंपण ना राखण. म्हातारी उष्टे पाणी रोज तिच्या मुळाशी ओतीत असे. चिंच आज दोन पुरुष उंच आहे. तिचा कागद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

ती रोपे माझ्या डोक्यात कायमची रुजली. कोणताही प्रस्ताव पुढे आला की मला त्याच्यामागून चालत येणारा पखालीचा बैल दिसू लागे. या गोष्टीचा मला अभिमान होता. तो किती महाग पडला, ते पुढे सांगतो.

आता बांधाविषयी. आमच्या खाडीकाठची पुष्कळशी भातजमीन मूळची खाडीचीच आहे. कोणा पूर्वजांनी मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवले, पावसाने तिच्यातला खार धुतला, आणि तीन-चार वर्षांनी भात उभे राहिले. बांधाला लाकडी झापेची मोरी असते. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्यातून शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला झाप मिटते आणि खाडी बाहेर राहते. सगळी विद्या एवढीच. परंतु मातीचा बांध दर वर्षी बसतो, धुपतो. दर वर्षी त्याच्यावर चिखल चढवून तो लाकडी चोपण्यांनी ठोकावा लागतो. एक वर्ष चुकले तर चालते. दोन चुकली तरी एखादे वेळी चालते.

या गावात फार जुन्या काळापासून अशी वहिवाट होती की बिघ्यामागे मणभर भात बांधाच्या नावाने काढून ठेवायचे. त्यातून बांधराख्याचा वाटा जाई, आणि माघाच्या पौर्णिमेला घरटी एक माणूस बांधावर येई, त्या सर्वांचे जेवण होई. कोणत्या घराने बांधाचा कोणता भाग ठोकायचा हे ठरलेले असे, आणि ते काठ्यांनी मोजलेले असे. काठी हे आमच्याकडचे जमीन मोजण्याचे माप. ही मोजणी कोठेही लिहिलेली नव्हती. ती बांधराख्याच्या घरात बापाकडून मुलाकडे तोंडीच येत असे. जोमाच्या स्वतःच्या घराच्या वाटणीला सात काठ्या होत्या, उघाडीच्या डाव्या अंगाला.

माझ्या आधीच्या पिढीत सरकारने त्या मणभर भाताचे रोख पैसे केले आणि ते बांधाची पट्टी म्हणून शेतसाऱ्याबरोबर वसूल करण्यास सुरुवात केली. बांधराखा सरकारचा नोकर झाला. माघात तो सरकारच्या नावाने दवंडी देई आणि गाव येई. जेवणाला आणि जोमाच्या पगाराला पट्टीतले निम्मे पैसे लागत. उरलेले निम्मे खजिन्यात जात, आणि तेथून बांधाकडे परत आल्याचे एकही उदाहरण मला दप्तरात मिळाले नाही. हे पाहून माझे पित्त खवळले. बांधाच्या नावाने पैसे घ्यायचे आणि बांधाला द्यायचे नाहीत, याला आमच्या घरी चोरी म्हणत. मी चौदा पानांचा शेरा लिहिला. पट्टी रद्द करावी, बांधराख्याची जागा रद्द करावी, बांध गावाचा आहे तो गावाच्या स्वाधीन करावा. ज्याचे शेत त्याला बांधाची काळजी सरकारपेक्षा अधिक असणार. तो ज्याला राखा नेमायचा त्याला नेमील. मामलेदारांनी सही केली आणि तसाच हुकूम झाला.

आमचे ओव्हरसियर मित्र लिहितात की हा हुकूम वरच्या साहेबांनी काटकसरीसाठी काढला. साफ खोटे. वरच्या साहेबांना त्या गावाचे नावही उच्चारता येत नव्हते. गावात दुसरी एक कंडी आहे की शेते खारी होऊन आपल्या घशात पडावीत म्हणून शेजारच्या मिठागरवाल्याने मला पैसे चारले. हे त्याहून खोटे. मी कोणाचा विडादेखील खाल्ला नाही. तो हुकूम माझा होता, माझ्या अकलेचा आणि माझ्या अक्षरातला. त्याचे श्रेय मी त्या वेळी घेतले. दोषही दुसऱ्या कोणाला वाटून देणार नाही.

हुकूम निघाला तेव्हा गावाने मला नव्या भाताची लोंबी आणि नारळ आणून दिला. पट्टी उठलेली मी माझ्या हयातीत तेवढी एकच पाहिली.

पहिल्या माघात सगळे गाव बांधावर आले, जेवण स्वतःच्या घरचे बांधून आले. ते ऐकून मी मामलेदारांना म्हटले, पाहा. दुसऱ्या माघात निम्मे आले. ज्यांची शेते आत, टेकडीच्या बाजूला होती ते म्हणू लागले की पाणी आले तर आधी खालच्यांचे जाईल, त्यांनी आधी ठोकावे. खालचे म्हणू लागले की पाटील येतील तेव्हा आम्ही येऊ. पाटलांनी निरोप पाठवला की त्यांच्या गुडघ्याला बरे नाही. नवा राखा नेमायचा तर वाटा कोणी किती द्यायचा यावर तीन बैठकी झाल्या, आणि चौथी झालीच नाही.

तिसऱ्या वर्षी पौषात जोमा कचेरीत आला. साठीला टेकलेला, अंगाने काटक, कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी. पगार गेला तरी माणूस रोज बांधावरून फेरी मारतो, हे मला माहीत होते. पगार परत मागण्यास आला असेल असे समजून मी नकार जिभेवर तयार ठेवला होता.

तो म्हणाला, "रावसाब, पगार नको. तो तुमी तोरलात, बरा केलात, गावाचा पैसा वाचला. मना एक कागुद द्या."

कसला कागद, असे मी विचारले.

"माघाच्या पुनवेला घरटी एक मानूस बांधाव येल, आपापल्या काठ्या ठोकील, येवराच लिवा. खाली शिक्का मारा. बाकी मी बघतू."

मी त्याला समजावले की बांध तुमचा, शेत तुमचे, पाणी आले तर तुमच्याच भातात येणार. हे सरकारने येऊन सांगायला तुम्ही काय कुक्कुली बाळे आहात? जोमाने मान हलवली. मग म्हणाला, "मी सांगतू तवा ते बोलतान, तू कोन रं? मी त्यांचा भाऊबंदच ना, रावसाब. भावाचा कोन आयकतंय?"

या प्रश्नावर मी थांबायला हवे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत रयतेने माझ्यापुढे मांडलेले इतके नेमके वाक्य दुसरे नाही. पण मी वाद जिंकण्यात गुंतलो होतो. मी म्हणालो, "अरे, सरकारने हुकूम करून लोकांना कामाला लावणे म्हणजे वेठ."

तो हसला. "वेठ दुसऱ्याची असतंय. आपल्या बांधाला कसली वेठ?"

"आज कागद दिला की दर वर्षी मागशील. मग कागद घेऊन जायला शिपाई लागेल. शिपायाला भत्ता लागेल."

"शिपाय कनाला? मीच नेतू. फुकट नेतू."

कचेरीतले दोघे-तिघे कारकून माना वर करून ऐकत होते. मला राग आला. तो मुद्द्याचा नव्हता. माझ्या चौदा पानांत गाव आपण होऊन येईल असे लिहिलेले होते, आणि हा म्हातारा तीनच वर्षांत शिक्क्याचा कागद मागून ते खोटे ठरवीत होता. कागदाला एक पैसा लागला नसता. माझ्या मतालाही तो धरून होता, कारण गाव आपले काम आपल्या हाताने करणार होते; सरकारकडून त्याला फक्त शब्द हवा होता. हे मला आज दिसते. त्या दिवशी मला पखालीचा बैल दिसला.

"नाही," मी म्हणालो. "गावाला गरज असेल तर गाव येईल."

जोमाने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग त्याने रामराम केला आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गावी परत जाऊन काय सांगायचे, याचा विचार मात्र दिसत होता.

त्या माघात बांधावर जोमा, त्याची बायको आणि तीन-चार घरची माणसे होती. जेथे बांध अधिक खचला होता तेथे त्यांनी आधी हात घातला. तो भाग पाटलांच्या वाटणीचा होता. मग टेकडीकडच्यांचा. मग आणखी कोणाकोणाचा. फाल्गुन संपला, चैत्र गेला. उन्हाने चिखल दगड झाला आणि चोपणी उडू लागली. जोमाच्या सात काठ्या राहून गेल्या. त्याची बायको त्याला म्हणाली होती की आधी आपल्या ठोक. तो म्हणाला, आपल्या कधीही होतील. हे मला तिनेच नंतर सांगितले.

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी मोठे उधाण आले. वरून पाऊस, मागून वारा. उघाडीच्या डाव्या अंगाला बांधाला खांड पडली आणि संध्याकाळपर्यंत सगळे शेत खाडी झाले.

दुसऱ्या दिवशी मामलेदारांबरोबर होडीने मी तेथे गेलो. पोटरीला आलेले भात पाण्याखाली आडवे पडले होते. माणूस एकही दगावला नाही, परंतु त्या जमिनीत पुढे तीन वर्षे पीक उगवले नाही. गाव बांधावर उभे होते आणि एकमेकांशी भांडत होते. जोमा खांडीच्या कडेला बसलेला होता. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "रावसाब, माझ्याच काठ्या गेल्या."

एवढेच बोलला. मामलेदार तेथेच होते. तो कागदाची गोष्ट त्यांना सांगेल अशी मला भीती वाटत होती. ती गोष्ट त्याने त्यांना सांगितली नाही, आणि दुसऱ्या कोणालाही सांगितल्याचे मी ऐकले नाही.

चौकशीचा अहवाल लिहिण्याचे काम अर्थात माझ्याकडे आले. मी लिहिले की उधाण असामान्य होते, जे खरे होते. मी लिहिले की गावाने बांधाची दुरुस्ती केली नाही, जे खरे होते. आणि मी लिहिले की ज्या बांधराख्याकडे पूर्वी या बांधाची जबाबदारी होती, त्याच्याच वाटणीच्या भागात बांध खचला. हेही खरे होते. पौषात कोण कचेरीत आला होता, काय मागत होता, आणि त्याला कोणी काय उत्तर दिले, हे मी लिहिले नाही. आमच्या ओव्हरसियर मित्रांचे वाक्य मला एवढे का झोंबले, हे वाचकांच्या आता ध्यानात येईल. ते त्यांचे नाही. त्यांनी ते दप्तरातून उतरवून घेतले, 'पूर्वी' हा शब्द गाळला आणि शेवटी स्वतःचे चार शब्द जोडले. बाकीचे वाक्य माझे आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यात मला आनंद नाही. वर्तमानपत्रांत ओरड झाली. सरकारने कंत्राटदार लावून नवा, रुंद, दगडी पिचिंगचा, म्हणजे अंगावर दगड बसवलेला बांध घातला. त्याच्या खर्चासाठी गावावर पट्टी बसली. मी उठवलेल्या पट्टीच्या ती दुप्पट होती. नव्या बांधाला पगारी राखणदार नेमायचा ठरला तेव्हा जोमाने अर्ज केला. अर्ज माझ्या टेबलावरून गेला. त्याच्यावर वरून शेरा आला की अहवालातील मजकूर पाहता हा इसम योग्य नाही. तो शेरा मी वाचला, त्याच्याखाली 'पाहिले' असे लिहिले आणि कागद पुढे पाठवला. त्या वेळीही तोंड उघडता आले असते. जोमा मिठागरावर मजुरीला गेला, आणि दोन-अडीच वर्षांनी तिकडेच वारला.

काटकसरीचे माझे मत यावरून खोटे ठरले, असे आमचे मित्र म्हणतील. ते खुशाल म्हणोत. मी उलट म्हणतो. दोन पट्ट्यांपैकी कोणतीही देण्यापेक्षा गावाने स्वतः बांध ठोकणे आजही मला शहाणपणाचे वाटते. माझी चूक मतात नव्हती. गाव म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असे मी समजलो. सरकारने जुनी वहिवाट एका पिढीत मोडली होती. ती सरकारने नुसते बाजूला होऊन परत जुळणार नव्हती. ती जुळवू शकणारा एक माणूस माझ्या दारी आला होता आणि मी त्याला तत्त्व शिकवले.

गेल्या दिवाळीला तो लेख वाचल्यावर मी पुन्हा त्या गावी गेलो. जोमाची बायको कधीच वारली होती. मुलगा मुंबईस असतो असे कळले, ठिकाण कोणास ठाऊक नव्हते. मग मी काठी टेकीत बांधावर गेलो. उघाडीच्या डाव्या अंगाला, पिचिंगच्या दोन दगडांमधून, खेकड्याच्या बिळातून पाण्याची बोटभर धार आत शेतात पडत होती. जवळच तिशीचा एक गडी तंबाखू मळत बसला होता. शेत त्याचेच होते. मी त्याला धार दाखवली. तो म्हणाला की त्याने आठ दिवसांपूर्वीच पाहिली आहे आणि राखणदाराला सांगितली आहे; राखणदार वर कळवणार आहे. मूठभर चिखल का लावीत नाहीस, असे मी विचारले. तर सरकारी बांधाला हात लावला की दंड होतो, म्हणाला.

मी जोडे काढले, खाली उतरलो आणि हातांनी चिखल ओढून ते बीळ दाबू लागलो. या वयात ते लवकर होत नाही. गडी वरून पाहत होता. बोलण्याच्या ओघात त्याने मला माहिती दिली की पूर्वी बांध याच जागी फुटला होता. जोमा नावाचा कोणी राखा होता, तो कामचुकार होता, त्याने आपला तुकडा ठोकलाच नाही. मास्तरांनी छापलेले वाचून दाखवले आहे.

मी म्हणालो, "तो कामचुकार नव्हता. तो दुसऱ्यांचे तुकडे ठोकीत होता. तुझ्या आजाचाही त्याने ठोकला असेल."

त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे, धोतराकडे, पगडीकडे पाहिले. मग चौकशीच्या सुरात, बेअदबीने मुळीच नाही, विचारले, "आजोबा, तुमी त्या जोमाचं कोन?"

"त्याला नाही म्हणणारा," मी सांगितले.

त्याला ते कळले नाही. मी त्याला बाजूला बसवले आणि पौष महिन्यातल्या त्या दिवसापासून सगळे सांगितले.